तुटलेला स्कूप आणि क्षरणाचा पाठ



फ्लोरिडाच्या किनाऱ्यांवर हौशी लोक मेटल डिटेक्टर घेऊन वाळूत हरवलेली नाणी, अंगठ्या शोधतात. यंत्र वाजलं की भोकं असलेल्या स्टीलच्या स्कूपने वाळू उपसायची. वाळू गळते, वस्तू उरते. हा स्कूप बऱ्याचदा दांड्याच्या जोडापाशीच तडकतो. का? दांडा म्हणजे लांब तरफ, त्यामुळे ओल्या वाळूच्या वजनाचा सगळा ताण जोडावर येतो. शिवाय समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात, म्हणून गंजही लवकर चढतो.

दुरुस्ती अशी करतात :

१. गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून गंज घासून काढा.
२. चीर जिथे संपते तिथे बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही.
३. वरून त्याच धातूची पट्टी वेल्ड करा. स्टीलला ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारले, तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आधी झिजतं.

सावधान! जस्ताचा मुलामा तसाच ठेवून वेल्डिंग केलं तर त्याच्या धुराने ताप भरतो. मुलामा आधी काढायलाच हवा. हे काम मुलांचं नाही, जाणत्या वेल्डरचं.

मुलांना फक्त विचारा, "स्कूप नेमका इथेच का तुटला?" उत्तर शोधता शोधता तरफ आणि क्षरण, दोन्ही पक्कं होतं.