व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला, तर?

प्रश्न : बी.एस्सी. रेस्पिरेटरी थेरपी झाली आहे. अकोल्यात आयसीयूतल्या जागेसाठी मुलाखत आहे. तयारी कशी करू?
– एक वाचक, सोनाळा (ता. संग्रामपूर)

उत्तर : व्याख्या पाठ करण्यापेक्षा प्रसंगांची तयारी करा. ‘हाय प्रेशरचा अलार्म वाजतोय, काय कराल?’ हा हमखास प्रश्न. आधी रुग्णाकडे बघा, मग यंत्राकडे. ऑक्सिजन झपाट्याने घसरत असेल तर व्हेंटिलेटर काढून अंबू बॅगने श्वास द्या, डॉक्टरांना बोलवा. मग नळी सरकली का, कफाने तुंबली का, न्यूमोथोरॅक्स झाला का, यंत्रात बिघाड आहे का, हे क्रमाने तपासा.

आकडे तोंडपाठ हवेत. एबीजीत पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५. एआरडीएसमध्ये टायडल व्हॉल्यूम किलोमागे ६ मिली, पण वजन उंचीवरून काढलेले: १६५ सेंमी उंचीच्या पुरुषाला सुमारे ३७० मिली. सीओपीडीत सॅच्युरेशन ८८ ते ९२ पुरे.

आपल्या भागातले रुग्णही डोळ्यांपुढे ठेवा. कीटकनाशकाच्या विषबाधेत तोंडात-छातीत स्राव साचतो, वारंवार सक्शन लागते. सुधारलेल्या रुग्णाचे श्वसनाचे स्नायू एक ते चार दिवसांत पुन्हा दुबळे पडू शकतात, म्हणून नळी काढायची घाई नको. मण्यार चावलेल्यालाही व्हेंटिलेटर लागू शकतो.

इंटर्नशिपमध्ये कोणती यंत्रे हाताळली, ते खरे सांगा. उत्तर आले नाही तर ‘वरिष्ठांना विचारेन’ म्हणा. इथे ठोकून दिलेले उत्तर रुग्णाच्या जिवावर बेतते. पगाराबरोबर रात्रपाळ्या आणि एका थेरपिस्टकडे किती रुग्ण, हे तुम्हीही विचारा.