ऑफिससाठी लॅपटॉप घेताय? आधी पार्ट नंबर मागा

तुम्ही तीन दुकानांत फोन केलात. 'आय फाइव्ह, सोळा जीबी, पाचशे बारा एसएसडी' एवढंच सांगितलंत. तीन आकडे आले आणि त्यांत आठ-दहा हजारांचा फरक निघाला. सगळ्यांत कमी भावाला होकार देण्याआधी जरा थांबा. त्या तिघांनी तुम्हाला बहुधा तीन वेगळ्या मशिनींचे भाव सांगितले आहेत.

पहिलं काम, पार्ट नंबर मागा. नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. लेनोवोचा थिंकपॅड ई१४, एचपीचा प्रोबुक ४४०, डेलचा लॅटिट्यूड (२०२५ पासून ही मालिका 'डेल प्रो' नावाने येते) अशा एकेका नावाखाली वेगळी स्क्रीन, वेगळी रॅम, वेगळं विंडोज आणि वेगळी वॉरंटी असलेल्या कितीतरी मशिनी विकल्या जातात. नेमकी मशीन कोणती ते पार्ट नंबर सांगतो. तो व्हॉट्सॲपवर लेखी मागवा. पुण्यात तापकीर गल्लीत घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा ऑनलाइन घ्या, नंबर द्यायला टाळाटाळ करणाऱ्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

मग प्रोसेसर. 'आय फाइव्ह' हे आडनाव झालं, पूर्ण नाव विचारा. आय५-१३३५यू आणि आय५-१३४०पी एकाच पिढीतले. पण पहिल्यात जोरकस काम करणारे कोअर दोन, दुसऱ्यात चार. टॅली, ईमेल आणि एक्सेल यांना पहिला पुरतो, बॅटरीही जास्त टिकते. एएमडीच्या २०२३ च्या क्रमांकांत तिसरा आकडा बघा. रायझन ५ ७५२०यू आणि ७५३०यू भावंडं वाटतात, पण ७५२०यू चा गाभा एक पिढी जुना आहे. भाव कमी असण्याचं कारण बऱ्याचदा त्या एका आकड्यात असतं.

रॅमबद्दल दोन प्रश्न. १६ जीबी एका पट्टीत आहे की आठ-आठच्या दोन पट्ट्यांत? आणि रॅम मदरबोर्डला डाक दिलेली आहे का? डाक दिलेली असेल आणि मोकळा स्लॉट नसेल, तर पुढे वाढवता येणार नाही, आत्ताच पुरेशी घ्या. ८ जीबीची मशीन फोडून दुकानदार स्वतःची पट्टी बसवून देणार असेल, तर त्या पट्टीची वॉरंटी कंपनी देत नाही, दुकानदार देतो. भाव कमी दिसेल, पण बिलावर पट्टीचा ब्रँड आणि तिची वॉरंटी वेगळी लिहून घ्या. स्क्रीनच्या बाबतीत 'निट्स' हा उजेडाचा एक आकडा विचारा. २५० निट्सची स्क्रीन खिडकीशेजारी बसून काम करताना डोळ्यांना त्रास देते.

आता कर, कारण सर्वांत जास्त फसगत इथे होते. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. समजा, एकाने '६२,००० प्लस जीएसटी' सांगितलं आणि दुसऱ्याने 'सगळं धरून ७०,०००'. ऐकताना पहिला स्वस्त वाटतो. हिशोब करा. पहिला भाव होतो ७३,१६०. दुसऱ्यातली मूळ किंमत ५९,३२२ आणि कर १०,६७८. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर कराचं क्रेडिट मिळतं, म्हणून मूळ किमतींची तुलना करा : ६२,००० विरुद्ध ५९,३२२. नोंदणी नसेल किंवा तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट नाही, तेव्हा एकूण रकमेची तुलना करा. दोन्ही हिशोबांत दुसराच स्वस्त पडतो.

क्रेडिटसाठी बिलावर तुमचा जीएसटी नंबर आणि नोंदणीतलंच नाव हवं. ऑनलाइन घेताना हा नंबर ऑर्डर देण्याआधीच टाका, नंतर तो सहसा घालून मिळत नाही. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि पॅन जवळ ठेवा. विक्रेत्याने बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलं की ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसतं, पुढच्या महिन्यात ते तपासा. 'बिलाशिवाय घ्या, चार हजार कमी करतो' असं कुणी म्हणालं तर वॉरंटी, क्रेडिट आणि घसारा तिन्ही हातचं जातं.

वॉरंटीवर मी थोडा जास्त थांबतो, कारण इथे मी स्वतः पोळलो आहे. आमच्या ऑफिससाठी तीन मशिनी घेतल्या. कोटेशनवर स्वच्छ लिहिलं होतं, '३ वर्षं वॉरंटी'. दीड वर्षाने एकीची स्क्रीन गेली. कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकला तर वॉरंटी एक वर्षाची, तीही संपलेली. उरलेली दोन वर्षं दुकानाची 'स्वतःची' होती आणि तिच्यात स्क्रीन धरलेली नव्हती. म्हणून चार गोष्टी लेखी घ्या. वॉरंटी कंपनीची की दुकानाची? मशीन तुम्ही सेंटरवर न्यायची की माणूस तुमच्याकडे येणार, आणि तुमच्या पिनकोडला येणार का? बॅटरी किती काळ धरली आहे? तीन वर्षांच्या वॉरंटीतही बॅटरी बहुधा एकच वर्ष असते. चौथी, पडणं आणि पाणी सांडणं यांत येतं का? ते सहसा येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. एक वर्ष वॉरंटीची मशीन आणि तीन वर्षं वॉरंटीची मशीन यांचे भाव शेजारी ठेवूच नका. आधी पहिलीच्या भावात कंपनीच्या वाढीव वॉरंटीचे पैसे मिळवा, मग बघा.

विंडोजचंही तसंच. 'डॉस' मशीनवर विंडोज नसतं. होम असेल तर ऑफिसच्या डोमेनला मशीन जोडता येत नाही, त्याला प्रो लागतं. काही शे रुपयांत व्हॉट्सॲपवर मिळणारी 'की' म्हणजे परवाना नव्हे. सोबत फुकट येणाऱ्या 'ऑफिस होम अँड स्टुडंट'चा परवाना धंद्याच्या वापरासाठी नाही. जुनी मशीन घेत असाल तर इंटेलची आठवी पिढी ही खालची मर्यादा धरा. त्याआधीच्या मशिनींवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

पैसे देताना कार्डावर दोन टक्के जादा मागतात का, ते भाव ठरवतानाच विचारा. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये बँक व्याज लावते आणि तेवढी सूट किमतीत दिली जाते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी. एकरकमी दिल्यास किती कमी होतं, तेही विचारा.

कधी घ्यायचा? रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढे आहेत, त्यामुळे कोटेशन किती दिवस चालेल ते लिहून घ्या. हिशोबाची वही ठेवणाऱ्यांना संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, मात्र आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरनंतर वापरात आणलेल्या ६०,००० च्या मशीनवर त्या वर्षी २४,००० ऐवजी १२,००० धरता येतात. खरेदी पुढच्या वर्षावर ढकलणार नसाल तर सप्टेंबरात उरका. दुकानात तयार असलेली मशीन त्याच दिवशी मिळते, तुमच्या मागणीप्रमाणे बनवून येणारीला काही आठवडे लागतात.

मशीन हातात आली की दुकानातच उघडा. खोक्यावरचा, मशीनच्या पोटाखालचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच हवा. सुरू करा, टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' बघा, किती स्लॉट भरलेत ते तिथेच दिसतं. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटीची तारीखही तिथेच उभं राहून तपासा. कधीकधी ती मशीन दुकानदाराकडे आली त्या दिवसापासून धरलेली असते. बिल दाखवून ती दुरुस्त करून घेता येते.

ही तपासणी आधीच करा म्हणतो, त्याला कारण आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे 'ग्राहक' ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू तेवढी अपवाद. तुम्ही त्या अपवादात बसत असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही.