शरीरसंबंध सुरळीत, तरी वीर्यतपासणी कशासाठी?

प्रश्न : लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही. पत्नीच्या तपासण्या निर्दोष आहेत. शरीरसंबंधात अडचण नसताना पतीची तपासणी कशाला? नोकरी रोलिंग मिलमध्ये, भट्टीजवळ आहे.
– एक वाचक, जालना

उत्तर : संभोगक्षमता आणि प्रजननक्षमता या दोन स्वतंत्र बाबी असून, मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो, त्यामुळे आपली तपासणी आवश्यकच आहे आणि तीत कमीपणा मुळीच नाही. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर वीर्य तपासले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार दर मिलिलिटरमागे १.६ कोटी शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा असली, तरी एकाच अहवालावरून निष्कर्ष काढू नये. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा कमी राहणे शुक्राणूनिर्मितीस आवश्यक असल्याने भट्टीजवळील काम डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नवे शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून कामाची जागा बदलल्याचा किंवा तंबाखू सोडल्याचा परिणामही तेवढ्या अवधीनंतरच दिसू शकतो. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, आढळल्यास शस्त्रक्रियेचा उपयोग होऊ शकतो. शुक्राणू अत्यल्प असल्यास इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत, उपलब्ध आहे. ‘ताकदीची’ म्हणून दिली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने मात्र कटाक्षाने टाळावीत, कारण ती शुक्राणूनिर्मितीच दडपतात.