पर्वती चढताना धाप का लागते?

प्रश्न : पुण्यातील ४४ वर्षांच्या एक वाचक लिहितात, की पर्वतीच्या पन्नासएक पायऱ्यांतच त्यांना धाप लागते, शेजारच्या आजी मात्र गप्पा मारत वर पोहोचतात. व्यायाम सोडून द्यावा का?

उत्तर : व्यायाम नाही, घाई सोडावी.

पर्वतीच्या पायऱ्या १०३. पण चढताना दर पावलाला अंगाचं सगळं वजन वर उचलावं लागतं. मांड्यांच्या स्नायूंना एकदम जास्त प्राणवायू हवा असतो, रक्तात कार्बन डायऑक्साइडची भर पडते आणि मेंदू श्वास वाढवण्याचा हुकूम सोडतो. निरोगी माणसात यात दोष बहुधा फुप्फुसांचा नसतोच. सराव नसलेलं हृदय एका ठोक्यात कमी रक्त पुढे ढकलतं, म्हणून त्याला ठोके वाढवावे लागतात. आजींचं गुपित काय? त्या बहुधा रोज चढत असाव्यात!

वेग मोजायला महागडं घड्याळ नको. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. पहिले दोन आठवडे सपाटीवर रोज १५ मिनिटं, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांची भर. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगितली आहेत. तिथवर पोहोचायला दोन महिने लागले तरी बिघडत नाही. सिंहगडाचा बेत त्यानंतरचा.

आधी हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्यावं. स्त्रियांमध्ये ते १२ ग्रॅमच्या खाली गेलं, की ॲनिमिया समजतात, आणि त्यानेही धाप लागते. छातीत दडपण, चक्कर, पायांवर सूज किंवा बसल्या जागी धाप असेल, तर पर्वती राहू द्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.