आकाशी रंगाआधी भिंत वाळवू या

पावसाळा सरला की आपण घर रंगवायला काढतो. आपल्या वस्त्यांत पसंती बहुधा फिकट निळ्याला. रंग चांगलाच, पण महाड-पोलादपूरच्या पावसात भिंती महिनोन्‌महिने ओल धरतात. जुलै २०२१ च्या पुरात तर सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले होते. ओल्या भिंतीवर दिलेल्या रंगाचे पोपडे निघतात, बुरशी येते आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. म्हणून आधी गळती थांबवू या, भिंत पूर्ण वाळू देऊ या.

जुना तैलरंग कोरडा खरवडू नये. त्यात शिसे असू शकते. त्याची धूळ मुलांच्या मेंदूला घातक. पाणी शिंपडून खरवडावा; मुले व गरोदर बाई दूर असावीत. नवा रंग घेताना डब्यावर शिशाचे प्रमाण वाचावे. नोव्हेंबर २०१७ पासून कायद्याची मर्यादा ९० पीपीएम आहे.

स्वस्तात करायचे तर गाळलेल्या चुन्यात थोडी नीळ कालवावी. चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. वाळल्यावर छटा फिकी होते, म्हणून आधी कोपऱ्यात लावून पाहावे. चुना डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवून लगेच दवाखाना गाठावा.

जोडीला छत पांढरे ठेवले की उजेड वाढतो. अंधाऱ्या खोलीत निळा काळपट दिसतो. तिथे एक भिंत फिकट पिवळी करावी. जमिनीलगतचा पट्टा मात्र गडद नको. फिकट भिंतीवर ओलीचा डाग लगेच दिसतो, आणि वेळीच उपाय करता येतो.