आजचं चिंतन: दिवा एकच, रंग तीन



आज चिंतनासाठी एक दीपगृह घेऊया. नॉर्वेच्या नैऋत्य किनाऱ्यावर, रांडाबर्गमध्ये, टुंगेनेस नावाचं जुनं दीपगृह आहे. स्टावांगर बंदरात जाणाऱ्या जहाजांना वाट दाखवायचं त्याचं काम. १८०८ च्या सुमारास या किनाऱ्याला हेरिंग मासा पुन्हा भरपूर मिळू लागला, त्यावर स्टावांगर वाढलं, आणि १८२८ मध्ये टुंगेनेसचा दिवा लागला. तो १९८४ पर्यंत, म्हणजे १५६ वर्षं, सेवेत होता. मग ते काम एका स्वयंचलित दिव्याकडे गेलं.

या किनाऱ्याजवळ पाण्यात असंख्य छोटी बेटं आणि खडक आहेत. त्यामुळे 'जमीन इथे आहे' एवढं सांगून भागत नाही. 'तुझं जहाज वाटेवर आहे का' हेही सांगावं लागतं. त्यासाठी नॉर्वेत कितीतरी ठिकाणी एक साधी युक्ती वापरतात. दिवा एकच, पण त्याच्याभोवती ठरावीक कोनांत लाल आणि हिरव्या काचा बसवलेल्या असतात. मोकळ्या वाटेच्या दिशेला साधी काच. जहाज वाटेवर असेल तर खलाशाला पांढरा उजेड दिसतो. एका बाजूला सरकलं तर लाल, दुसऱ्या बाजूला गेलं तर हिरवा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून मला या रचनेचं फार कौतुक वाटतं. दिव्याला जहाजाची काहीच माहिती नसते. तो कुणासाठी रंग बदलत नाही. जहाजाची जागा बदलते, म्हणून रंग बदललेला दिसतो.

आता आपल्या रोजच्या वाचनाकडे येऊ. ग्रंथातली एखादी ओळ एके दिवशी धीर देते आणि काही महिन्यांनी तीच ओळ टोचते. शब्द तेच असतात. मग आपण म्हणतो, 'आज वाचनात मन लागलं नाही,' आणि दुसरं, गोड काहीतरी शोधतो. आजकाल ते सोपंही झालंय. मोबाईल आपल्याला आवडेल तेच पुढे करतो. पण लाल दिसल्यावर खलाशी दुसरा दिवा शोधत बसत नाही. तो सुकाणू वळवतो. टोचणारी ओळ आपल्यावर रागावलेली नसते, आपण कुठे आहोत ते सांगत असते.

इथे एक बारकावा आहे. दिवा तोच असला तरी पांढरा उजेड जास्त लांबून दिसतो, लाल आणि हिरवा त्यामानाने कमी अंतरावरून, कारण रंगीत काच बराच प्रकाश अडवते. म्हणून पांढरा दिसला की निर्धास्त झोपायचं नसतं. नकाशा उघडा ठेवून पाहत राहायचं असतं. आपलं नित्याचं वाचन हे तसं पाहत राहणं आहे. बरं चाललंय त्या दिवसांतही ते सोडू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एकाच क्षणी एका जहाजाला पांढरा दिसतो, शेजारच्याला लाल. दोघंही खरंच सांगत असतात. मला दिसणारा रंग माझ्या जागेचा आहे. घरात, ग्रुपवर आपण कितीदा एखादी ओळ दुसऱ्याला ऐकवायला वापरतो! 'बघ, हे तुझ्यासाठीच लिहिलंय.' त्याच्या जहाजावरून काय दिसतंय, हे आपल्याला इथून कळत नाही.

आजचा सराव: अलीकडे टोचलेली एक ओळ वहीत लिहा. तिच्याखाली लिहा, 'मी सध्या कुठे उभा किंवा उभी आहे?' उत्तर दोन वाक्यांत पुरे. आणि ती ओळ आज कुणालाही फॉरवर्ड करू नका.

उद्या भेटूच.