बदलण्याचा हक्क

(टेलिफोन, केबल आणि इंटरनेट या सेवा आज घरोघरी पोहोचल्या आहेत. या सेवा देणाऱ्या कंपन्यांत स्पर्धा असली किंवा नसली, तर ग्राहकाला काय फरक पडतो, हे या पाठात पुणे शहराच्या अनुभवावरून सांगितले आहे.)

पुण्याच्या लक्ष्मी रोडवर कापडाची अनेक दुकाने आहेत. एका दुकानात भाव जास्त वाटला, तर गिऱ्हाईक त्या दुकानाच्या पायऱ्या उतरते आणि शेजारच्या दुकानाच्या पायऱ्या चढते. पुण्याचा दुकानदार गेलेल्या गिऱ्हाइकाला परत बोलावत नाही, असे लोक गमतीने म्हणतात. पण गिऱ्हाईक जाऊ शकते हे त्यालाही ठाऊक असते. म्हणून तो भाव बेताचा ठेवतो आणि माल चांगला ठेवतो. यालाच स्पर्धा म्हणतात.

टेलिफोन आणि केबल यांची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे आपण दुकानात जात नाही; दुकानच तारेवरून आपल्या घरात येते. शेजारच्या दुकानात जायला चार पावले पुरतात. शेजारच्या तारेवर जायचे, तर नवी तार ओढावी लागते. मग भाव पसंत नसला, तर ग्राहकाने करावे काय?

तुमच्या आईवडिलांच्या लहानपणी या प्रश्नाला उत्तरच नव्हते. पुण्यात टेलिफोन देणारे एकच खाते होते, ते म्हणजे केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग. १९९१ साली देशाची लोकसंख्या सुमारे ८४ कोटी होती आणि टेलिफोन होते सुमारे ५० लाख. टेलिफोनसाठी अर्ज करायचा, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, अशी रीत होती. ज्याच्याकडे फोन नसे, तो आपल्या कार्डावर शेजाऱ्याचा नंबर छापी आणि पुढे कंसात 'पी.पी.' असे लिही. फोन आला की शेजारी हाक मारीत आणि हा माणूस धावत जाई. परगावी बोलायचे असेल, तर एस.टी.डी.च्या पिवळ्या बूथवर जावे लागे. रात्री अकरानंतर दर चौथाई होत असे. म्हणून बूथवर खरी गर्दी होई ती त्या वेळी. दुबईला किंवा जेद्दाला नोकरी करणाऱ्या मुलाशी दोन मिनिटे बोलायचे, तर आईवडील एक डोळा भिंतीवरच्या आकड्यांवर ठेवून बोलत.

एकाच विक्रेत्याच्या हाती सारा बाजार असला, तर त्याला मक्तेदारी म्हणतात. (हा मक्ता म्हणजे गझलेचा शेवटचा शेर नव्हे! मराठीत मक्ता म्हणजे ठेका किंवा इजारा.) मक्तेदाराला गिऱ्हाईक गमावण्याची भीती नसते. तरी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जिथे नफा मिळणार नाही अशा खेड्यापाड्यांतही तार नेण्याचे काम या सरकारी खात्यानेच केले. १ ऑक्टोबर २००० पासून हे काम बीएसएनएल ही सरकारी कंपनी करू लागली.

१९९४ साली सरकारने नवे दूरसंचार धोरण आणले आणि खाजगी कंपन्यांना दार उघडले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. देशातील हा पहिला मोबाइल फोन. मोबाइल सेवेसाठी देशाचे भाग पाडले होते. मुंबईचा भाग वेगळा होता आणि पुणे महाराष्ट्राच्या भागात होते. या भागात सुरुवातीला दोन कंपन्या आल्या, बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल.

दोन कंपन्या आल्या म्हणजे स्पर्धा आली, असे तुम्हाला वाटेल. पण त्या काळी मोबाइलवर बोलायला एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत खर्च येई. आलेला फोन घेतला तरी पैसे पडत! गल्लीत दोनच दुकाने असली आणि दोघांनीही भाव चढा ठेवला, तर गिऱ्हाइकाने जायचे कुठे? 'मिस्ड कॉल' देण्याची आपली सवय या महागाईच्या दिवसांत पक्की झाली.

२००२ साल उजाडले आणि चित्र बदलू लागले. त्या वर्षी बीएसएनएलने मोबाइल सेवा सुरू केली. डिसेंबरमध्ये रिलायन्स कंपनी स्वस्त दर घेऊन आली. २००३ पासून येणारे फोन फुकट झाले. २००९ साली टाटा डोकोमो या कंपनीने सेकंदाला एक पैसा असा दर जाहीर केला. तोपर्यंत दहा सेकंद बोलले तरी पूर्ण मिनिटाचे पैसे द्यावे लागत. एका कंपनीने सेकंद मोजायला सुरुवात केल्यावर बाकीच्या कंपन्यांनाही सेकंद मोजावे लागले. ते काही त्यांनी दयेपोटी केले नाही. ग्राहक हातचा जाईल, ही भीती त्यामागे होती.

तरीही एक अडचण उरली होती. कंपनी बदलायची, तर नंबरही बदलावा लागे. रिक्षावाल्याचा नंबर नेहमीच्या प्रवाशांकडे असतो. शिंप्याचा नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला असतो. नंबर गेला की धंदा गेला. त्यामुळे सेवा वाईट असली, तरी असे लोक कंपनी सोडत नसत आणि कंपन्यांनाही हे चांगले माहीत होते. मग २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर सुरू झाली. माझ्या मते, दर कमी होण्यापेक्षाही ही सोय मोठी आहे. समजा, कोंढव्यातील एका घरात आजी आणि नातू असे बोलत आहेत :

"दादी, तुमच्या फोनला घरात रेंज मिळत नाही. आपण कंपनी बदलू या."

"नको रे बेटा. हा नंबर साऱ्या नातेवाइकांकडे आहे. सोलापूरची तुझी फुफू याच नंबरवर फोन करते."

"नंबर हाच राहील, दादी. फक्त कंपनी बदलेल."

"असे कसे होईल? घर बदलले की पत्ता बदलतोच ना?"

"ही सोय म्हणजे पत्ता तोच ठेवून घर बदलण्यासारखी आहे. माझे ऐका तर खरे!"

नातवाने दादीला काय करायला सांगितले असेल? आपल्या मोबाइलवरून १९०० या क्रमांकावर एक संदेश पाठवायचा. त्यात इंग्रजीत 'पोर्ट' असे लिहून, थोडी जागा सोडून आपला नंबर लिहायचा. उत्तरात एक सांकेतिक क्रमांक येतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बदल असेल, तर साधारण तीन कामाच्या दिवसांत तो होतो. जुन्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असावेत आणि बिल थकलेले नसावे, एवढी अट आहे. जुन्या कंपनीची मनधरणी करावी लागत नाही.

केबलची कथा मात्र इतकी सुखाची नाही. एके काळी पुण्याच्या घरांत सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून येणारे फक्त दूरदर्शन दिसत असे. १९९१ नंतर परदेशी वाहिन्या आल्या, १९९२ साली झी टीव्ही आला आणि गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. शहरात केबलवाले पुष्कळ होते; पण एका गल्लीत बहुधा एकच! त्यांनी आपापले भाग वाटून घेतलेले असत. म्हणजे शहराचा नकाशा पाहिला तर स्पर्धा दिसे आणि आपल्या दारात उभे राहिले तर मक्तेदारी. कंपन्या किती आहेत हे मोजण्यापेक्षा, माझ्या दारापर्यंत किती येतात, हे ग्राहकाने मोजावे.

केबलवाल्याला खरा स्पर्धक मिळाला तो आकाशातून. २००३ पासून गच्चीवर छोटी तबकडी लावून थेट उपग्रहावरून कार्यक्रम पाहण्याची सोय झाली. २००४ च्या अखेरीस दूरदर्शनने अशीच सेवा मासिक शुल्काशिवाय सुरू केली. तबकडीला गल्लीतल्या तारेची गरज नव्हती. त्यामुळे केबलवाला जरा नरम झाला. २०१३ साली पुण्यातही केबलसाठी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. पण एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही. कंपनी बदलायची, तर नव्या बॉक्सचे पैसे मोजावे लागतात. मोबाइलच्या नंबरची जी अडचण २०११ साली दूर झाली, तीच इथे बॉक्सच्या रूपाने शिल्लक आहे.

१ फेब्रुवारी २०१९ पासून आपल्याला हव्या त्याच वाहिन्या निवडण्याचा हक्क प्रेक्षकाला मिळाला. शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये आणि कर, शिवाय निवडलेल्या प्रत्येक सशुल्क वाहिनीची वेगळी किंमत, असा तो नियम होता. हेतू चांगला होता. परंतु लांबलचक याद्या वाचून निवड करणे अनेकांना जमले नाही. त्यांनी कंपनीने बांधून दिलेला गठ्ठाच घेतला आणि कित्येकांचे बिल उलट वाढले.

आता इंटरनेटकडे वळू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी ही सेवा सुरू केली. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली. प्रत्येक कंपनीने आपली वेगळी तार टाकली. कोणी रस्ता खणला, कोणी खांबांवरून आणि झाडांवरून वायरी लोंबत सोडल्या. पुणेकरांना हे दृश्य नवे नाही. स्पर्धेचा हा खर्च बिलात दिसत नाही, पण तो ग्राहकच सोसतो.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ कंपनीने सेवा सुरू केली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत बोलणे आणि इंटरनेट फुकट दिले. पूर्वी एक जीबी इंटरनेटसाठी अडीचशे रुपयांच्या आसपास लागत. पुढच्या एक-दोन वर्षांत हा खर्च दहा-पंधरा रुपयांवर आला. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाइलवर वर्ग भरू शकले ते या स्वस्ताईमुळेच. अर्थात, घरात भावंडे तीन आणि मोबाइल एक असेल, तर स्वस्त इंटरनेट तरी किती कामाचे?

या लढाईत अनेक कंपन्या टिकल्या नाहीत. एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स यांची मोबाइल सेवा बंद पडली. टाटांची मोबाइल सेवा एअरटेलमध्ये गेली. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. एके काळी दहाच्या आसपास असलेल्या कंपन्यांतून तीन खाजगी आणि एक सरकारी एवढ्याच मोठ्या कंपन्या उरल्या. दुकाने कमी झाली आणि भाव पुन्हा चढू लागले. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ असे तीन वेळा दर वाढले. तेही थोड्याथोड्या दिवसांच्या अंतराने तिन्ही खाजगी कंपन्यांचे! जुलै २०२४ च्या वाढीनंतर अनेकांनी आपला नंबर बीएसएनएलकडे नेला. काळाची गंमत पाहा. ज्या सरकारी फोनची पूर्वी मक्तेदारी होती, तोच आता महागाईला कंटाळलेल्या ग्राहकाचा चौथा पर्याय झाला.

दादीसारख्या ग्राहकांचा प्रश्न आणखी वेगळा होता. त्यांचा फोन साधा, बटणांचा. त्यांना फक्त बोलायचे असते. तरीही बहुतेक योजनांत इंटरनेटचे पैसे धरलेले असत. डिसेंबर २०२४ मध्ये 'ट्राय'ने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, फक्त बोलणे आणि संदेश यांसाठी वेगळी योजना ठेवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. हे काम स्पर्धेने आपोआप झाले नाही. गरीब ग्राहकाच्या मागे कंपन्या फारशा धावत नाहीत. तिथे नियमच लागतो.

सेवा नीट मिळाली नाही तर काय करावे? उर्दूत 'तकरार' म्हणजे भांडण. मराठीत 'तक्रार' म्हणजे शिकायत. दुकानात भांडण्यापेक्षा मराठी अर्थाची तक्रार करावी! प्रथम कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. तेवढ्याने भागले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही सल्ला मिळतो. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातच ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते की नाही, याबद्दल बरीच वर्षे वाद होता. दाद मागता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला.

शब्दार्थ : स्पर्धा – मुकाबला. ग्राहक, गिऱ्हाईक – खरीदार. मक्तेदारी – इजारादारी. धोरण – नीती, पॉलिसी. चढा – नेहमीपेक्षा जास्त. वाहिनी – चॅनल. मनधरणी करणे – खुशामद करणे, विनवणे. सक्तीचा – लाजमी. पर्याय – बदली निवड. दाद मागणे – इन्साफ मागणे.

स्वाध्याय
१. 'शहरात स्पर्धा आणि दारात मक्तेदारी' असे केबलबद्दल का म्हटले आहे?
२. कंपनी बदलताना नंबर तोच राहिल्यामुळे रिक्षावाल्याचा कोणता फायदा झाला?
३. तुमच्या घरातील मोबाइल, टीव्ही आणि इंटरनेट यांचा महिन्याचा खर्च विचारून लिहा. यांपैकी कोणती कंपनी बदलणे सोपे आहे आणि कोणती कठीण, ते कारणांसह सांगा.
४. 'तक्रार' या शब्दाप्रमाणे उर्दूत आणि मराठीत वेगळा अर्थ असलेले आणखी दोन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.